पालथा हातमोजा आणि आम्ही बर्फवाले

ताज्या, गुडघाभर, कोणाचं पाऊल न लागलेल्या बर्फावरून स्की करत लोकांना डोंगर उतरवणारा, आख्ख्या नाशिक जिल्ह्यातला सगळ्यात जुना गाईड मी आहे. आता जिल्ह्यात असे गाईड तिघेच आहेत आणि त्यातल्या एकाला हल्ली डावीकडे वळता येत नाही. तो कोण हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच दौलतवर संशय घ्याल. मीच तो.

किस्से साठतात ते आमच्या स्टोअररूममधल्या जुन्या बुटांसारखे. एकाची जोडी सापडत नाही, एकाचा अंगठा फाटलेला, पण टाकवत मात्र एकही नाही. परवा मंगल म्हणाली, "नाना, तुमचं हे सगळं एकदा लिहून काढा. निदान जेवताना तरी शांतता मिळेल." म्हणून लिहायला बसलोय.

मंगल म्हणजे आमची मुख्य. सुरगाण्याकडच्या डोंगरातली पोरगी, उत्तरेत जाऊन गिर्यारोहण शिकली आणि येताना स्की घेऊन आली. तिच्या घरच्यांना वाटलं छताच्या पट्ट्या आणल्या. दौलत सटाण्याचा, अंगानं कांद्याच्या ट्रकसारखा. डोंगर उतरताना तो सगळ्यात मागे असतो, पडलेल्यांना उचलत येतो. आणि मी वणीचा. आधी गडाच्या रस्त्यावर जीप चालवायचो. मंगलची पहिली टोळी घेऊन हिमाचलात गेलो, जीप बर्फात अडकली, आणि जीप निघेपर्यंत मी स्की शिकलो.

माझं शिक्षण सातवी पास. आठवीत हेडमास्तरांच्या मिटलेल्या छत्रीत ज्वारीच्या लाह्या भरल्या होत्या. त्यांनी भर मैदानात छत्री उघडली. तीच मी पाहिलेली पहिली बर्फवृष्टी. त्यानंतर शाळेनं मला बोलावलं नाही आणि मीही मनाला लावून घेतलं नाही.

यंदा मात्र एक बारीक भानगड आहे. दरवर्षी टीम निघायच्या आधी ठरतं, कोण वर डोंगरावर जाणार आणि कोण खाली मुक्कामाला राहून किचन सांभाळणार. इतकी वर्षं माझं नाव निघालं की कोणी मान वर करून बघत नसे. यंदा बघतात. तेही माझ्या तोंडाकडे नाही, गुडघ्याकडे. माझ्या हातची खिचडीसुद्धा कोणी दुसऱ्यांदा मागत नाही, तेव्हा मला किचनला ठेवणं म्हणजे पाहुण्यांनाही शिक्षा आहे. पण ते नंतर.

•

आमचं ऑफिस इंदिरानगरात पिठाच्या गिरणीच्या वर आहे. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं, चहाला लाटा येतात. मंगलला ही जागा आवडत नाही. मला फार आवडते, कारण निम्मा धंदा ती गिरणीच करते.

लोक येतात आणि विचारतात, पावडर स्नो म्हणजे काय हो? मंगल तापमान आणि वारा सुरू करते. मी त्यांना खाली नेतो, गिरणीच्या तोंडाशी उभं करतो आणि म्हणतो, आता मारा फुंकर. ताजं, कोरडं, हलकं पीठ असं भस्सकन उडतं की माणूस भुवयांपर्यंत पांढरा होतो. "हे एवढंच, फक्त कमरेपर्यंत आणि थंड." चेहरा पुसता पुसताच लोक ॲडव्हान्स देतात.

एकदा शिंदे काकू गहू दळायला आल्या होत्या. पाहुण्यांच्या मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांना मी नुसतीच चेष्टा म्हणून म्हटलं, "काकू, येता का?" डबा खाली ठेवून म्हणाल्या, "किती दिवस?" आणि खरंच आल्या की हो. साठी उलटलेली बाई, आयुष्यात स्की बघितलेले नाहीत, आणि चौथ्या दिवशी दौलतला मागे टाकून खाली.

परत आल्यावर गिरणीवाल्यानं विचारलं, "काय काकू, कसा होता बर्फ?"

काकू म्हणाल्या, "बरा होता. पण जरा जाडसर दळला होता."

•

तुम्ही म्हणाल, नाशकात बर्फ नाही तर ही माणसं सराव कशावर करतात? तुसावर.

घोटीला एका भातगिरणीमागे तुसाचा डोंगर असतो. मालक ओळखीचा आहे, तो आम्हाला वेडे समजतो आणि म्हणूनच पैसे घेत नाही. बर्फाचा कडा कोसळून माणूस गाडला गेला तर त्याला शोधायचं कसं, ते आम्ही तिथं घोटवतो. प्रत्येकाच्या छातीला एक छोटं यंत्र असतं, त्याला बीकन म्हणतात. गाडलेल्याचं बीकन सिग्नल सोडतं, शोधणाऱ्याचं बीप बीप करत जवळ नेतं. मग काठीनं टोचून बघायचं आणि फावडं मारायचं.

सरावाला माणूस गाडत नाही. एक भरलेलं पोतं आहे, त्याला पँट, जॅकेट, टोपी. त्याचं नाव जावईबापू. कारण त्याला सांभाळून काढावं लागतं आणि काढल्यावर तो काही काम करत नाही.

एकदा मंगलनं मला जावईबापू पुरायला सांगितलं. मी पुरला. फक्त त्याच्या छातीवरचं बीकन काढून गिरणीतल्या मोत्या कुत्र्याच्या पट्ट्याला बांधलं.

दौलत निघाला यंत्र घेऊन. चार पावलं टाकतो, थांबतो. डावीकडे जातो, परत उजवीकडे. मग त्याचा चेहरा पांढराफटक. "ताई, जावईबापू जित्ता शे. खालून सरकी ऱ्हायना." तुसाखाली पोतं सरकतंय म्हणे.

मंगल धावली. तीही फिरली. मोत्या तुसाच्या मागून ह्या टोकाला, मग त्या टोकाला, आणि ही दोघं त्या डोंगरावर त्याच्या मागे मागे. शेवटी मोत्या दमून मंगलच्याच पायाशी येऊन बसला. यंत्र असं कर्कश वाजलं की गिरणीतले हमाल बाहेर आले.

मंगलनं माझ्याकडे बघितलं. फावडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता यंत्राशिवाय शोधा." मी संध्याकाळपर्यंत जावईबापू शोधत होतो. पुरला कुठं तेच विसरलो होतो.

•

आमच्याकडे एक रीत आहे. तिची चेष्टा मी सुद्धा करत नाही, यावरून समजा.

हिमाचलात मुक्कामाला असताना रोज सकाळी मंगल सांगते, आज अमुक उतार घ्यायचा. मग आम्ही तिघं एकेक करून आतल्या खोलीत जातो. तिथं टेबलावर टॉवेल अंथरलेला असतो. त्या टॉवेलखाली आपला एक हातमोजा ठेवायचा आणि बाहेर यायचं. उताणा म्हणजे जाऊ. पालथा म्हणजे नको. मग तिघांनी आत जाऊन टॉवेल उचलायचा. एक जरी पालथा निघाला तरी तो उतार त्या दिवशी बंद. हातमोजे सगळ्यांचे एकाच रंगाचे, एकाच दुकानातले.

का नको, ते विचारायचं नाही. कोणाचा आहे, तेही विचारायचं नाही. आणि आपला आहे म्हणून सांगायचं तर अजिबातच नाही. सांगितलं की ते मत बाद, हातमोजे उचलायचे, पुन्हा पहिल्यापासून.

मी एकदा मंगलला विचारलं होतं, एवढी लपवाछपवी कशाला? ती म्हणाली, "माणूस कळला की आपण त्याला समजवायला लागतो, नाना. उताराला समजावता येत नाही."

आता दौलतच्या पोटात काही राहत नाही. खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. पहिल्याच वर्षी एका सकाळी टॉवेल उचलला, एक पालथा. आम्ही माना खाली घातल्या, तोवर हा म्हणतो, "मना शे." म्हणजे माझा आहे.

मत बाद. पुन्हा एकेक जण आत गेला, पुन्हा टॉवेल उचलला, पुन्हा एक पालथा.

"आते बी मनाच शे."

बाहेर पाहुणे बूट घालून उभे, चहावर साय आलेली. तिसऱ्या वेळी मंगलनं डबा उघडला आणि शेंगदाण्याचा आख्खा लाडू दौलतच्या तोंडात कोंबला. टॉवेल उचलला, एक पालथा. लाडवातून काहीतरी आवाज आलाच. पण तो मराठी होता की अहिराणी हे कळलं नाही, म्हणून मंगलनं मत धरलं.

तेव्हापासून लाडवाचा डबा आमच्या सामानात दोरखंडाच्या शेजारी असतो.

•

एकदा एक बिल्डर आला होता. भारीतले कपडे, गॉगल असा की त्यात आपलं आख्खं कुटुंब दिसावं. त्याला एकच उतार करायचा होता, समोरचा, मोठा, सरळ. रोज विचारायचा. शेवटच्या दिवशी आभाळ निळंशार, वारा नाही, सगळं झकास. मंगलनं तोच उतार सांगितला. टॉवेल उचलला, एक पालथा.

त्याला बाजूच्या झाडीतल्या छोट्या उतारावर नेलं. तो दिवसभर फुगून बसला. संध्याकाळी समोरच्या उताराकडे हात करून म्हणाला, "मॅडम, बघा. काय झालं? काही तरी झालं का?"

मंगलनंही बघितलं. उतार होता तसाच होता, गुलाबी ऊन पडलं होतं त्यावर. म्हणाली, "काही नाही झालं. ह्याचेच पैसे घेतो आम्ही."

पुढच्या वर्षी तो बायकोला घेऊन आला. विमानातून उतरल्या उतरल्या तिला सांगत होता, इथं हातमोज्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

•

दौलतच्या पाठीवर मदतीची बॅग असते. त्यात फावडं, पट्ट्या, औषधं, गरम पाण्याची बाटली, आणि दोन कांदे. कांद्यांवरून मी त्याला किती छळलं असेल. बर्फात ते असे गोठायचे की एकदा मी कांद्यानंच तंबूची खुंटी ठोकली.

तर एकदा वर एका पाहुण्याला भोवळ आली. बँकेतला माणूस, सकाळी न खाता निघालेला. मंगल पुढे, मी मध्ये. मागून दौलत आला, बसला, गोठलेला कांदा स्कीच्या कडेवर आपटून फोडला आणि त्याच्या नाकाला लावला.

माणसानं डोळे उघडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, सगळीकडे पांढरं. मग दौलतच्या हाताकडे बघून म्हणाला, "भाकरी आहे का?"

दौलत माझ्याकडे वळला. "बोला आते, नाना." भाकरी माझ्याच बॅगेत होती.

•

आता गेल्या मोसमातला शेवटचा दिवस.

आमच्याकडे पाहुण्यांना पहिली शिकवण हीच, की गाईडच्या रेघेत राहायचं. गाईड वळला तिथं वळायचं, थांबला तिथं थांबायचं. त्या दिवशी मंगल दुसऱ्या गटाबरोबर, ह्या गटाच्या पुढे मी. आणि डावीकडे वळायचं तर सगळा भार उजव्या पायावर येतो. निम्म्यात आलो आणि उजव्या गुडघ्यानं संप पुकारला.

मग काय, मी उजवीकडेच गेलो. थोडा खाली घसरलो, परत उजवीकडे. मागे आख्खी लाईन इमानदारीत उजवीकडे. ठरलेला उतार संपला, झाडी संपली, आम्ही उजवीकडेच. शेवटी थेट एका गोठ्याच्या दारात जाऊन थांबलो. गाव दुसरंच, खोरं जवळजवळ दुसरं. एक म्हातारी दूध काढत होती. तिनं आमच्याकडे बघितलं, गायीकडे बघितलं, आणि चहाचं आधण ठेवलं. मागून पोचलेला दौलत सगळ्यात शेवटी उभा, त्याला कळेना हसावं की काय.

पाहुणे खूष. "नाना, हा सिक्रेट रूट तुमच्या माहितीपत्रकात का नाही?"

मी म्हटलं, "सगळ्यांना सांगितला तर सिक्रेट कसा राहील?"

मंगलनं वरून बघितलं होतं. डोंगरावर पट्टी ठेवून कोणी रेघ मारावी तसा आमचा माग. संध्याकाळी गाडीत माझ्या शेजारी येऊन बसली.

"नाना, गुडघा कुठला?"

"दोन्ही माझेच आहेत."

ती हसली नाही. म्हणाली, "आख्खी लाईन तुमच्या मागे होती, नाना."

मी बॅग उचलून गुडघ्यावर ठेवली.

•

यंदा दिवाळी झाल्यावर घोटीला गेलो. नवा तूस, मोठा ढीग, मोत्या आता म्हातारा. ह्या वेळी मंगलनं स्वतः जावईबापू पुरला आणि मोत्याला बांधून ठेवलं. शोधणार मी.

मी झटकन शोधला. खोटं नाही सांगत, यंत्र हातात आलं की माझे कान अजून विशीतले आहेत. गुडघे टेकले, फावडं मारलं, जावईबापूची टोपी काढली, त्याला नमस्कार घातला. आणि मग उठता येईना.

आता हे दिसू कसं द्यायचं? मी तिथंच मांडी ठोकल्यासारखा बसलो आणि जावईबापूला विचारू लागलो, प्रवास कसा झाला, चहा घेणार का, मुलीला सुखात ठेवलंय ना. हमाल हसले. मालक हसला. दौलत आला, हसत हसत माझ्या काखेत हात घातला आणि मला कांद्याच्या गोणीसारखं उभं केलं. कोणाला काही कळलं नाही.

चहा पिताना मंगलनं दौलतला सहज विचारलं, "नाना एवढा वेळ बसले का होते रे?"

मी दौलतकडे डोळे वटारले. दौलतनं कप खाली ठेवला, वर बघितलं, खाली बघितलं. बिचाऱ्यानं फार प्रयत्न केला.

"बसेल नव्हतात ताई. त्यास्ले उठता येत नव्हतं."

•

मग ऑफिसात ती संध्याकाळ आली. खाली गिरणी चालू, टेबल थरथरतंय, मंगलनं स्टोअररूममध्ये टॉवेल अंथरलेला.

ती म्हणाली, "यंदा नावंही हातमोज्यानं ठरवू. वर जाणार की नाही. रीत तीच."

आधी तिचं स्वतःचं नाव. तीनही उताणे. मग दौलतचं. तीनही उताणे. दौलत सांगणार होता त्यातला त्याचा कुठला, मंगलनं नुसता लाडवाचा डबा वाजवला आणि तो गप्प झाला.

मग माझं. मंगल आत जाऊन आली. दौलत जाऊन आला. शेवटी मी गेलो. त्या जुन्या बुटांमध्ये जरा वेळ उभा राहिलो, हातमोजा ठेवला आणि आलो. तिघं आत गेलो आणि मंगलनं टॉवेल उचलला.

दोन उताणे. एक पालथा.

मंगलनं दौलतकडे बघितलं. दौलतनं मंगलकडे. मी छताकडे.

"ठीक आहे," मंगल म्हणाली. आवाज असा, की खालची गिरणी बरी. "नाना किचनला."

दौलत म्हणाला, "मंग मी बी किचनले."

"तू कशाला? तुला जर नाना वर नको होते, तर आता कशाला..."

"मी? ताई, मी?"

"बोलू नकोस. रीत आहे."

"रीत शे म्हणीसन मी गप शे. पण तुम्हीच असं कराल वाटलं नव्हतं."

"मी केलं?" मंगल पुढे सरकली. "मी केलं म्हणतोस?"

इतक्या वर्षांत ह्या दोघांना मी भांडताना पाहिलं नव्हतं. कड्याच्या टोकावर एका दोरीला बांधलेली माणसं ही. क्षणभर मजा वाटली, खोटं कशाला सांगू. मग दौलतचे डोळे भरले आणि मजा गेली.

"ए, गप बसा दोघं," मी म्हटलं. "माझाच आहे तो."

दौलतनं नाक पुसलं. "नाना, हातमोज्याची मस्करी?"

"मस्करी नाही रे. माझ्यामागे आख्खी लाईन असते."

खाली गिरणी थांबली. बाहेरच्या टेबलाची थरथर थांबली. मंगलनं तीनही हातमोजे उचलले, माझा माझ्या हातात दिला आणि टॉवेल झटकून पुन्हा अंथरला.

"कोणाचा ते सांगितलं की मत बाद, नाना. रीत तुम्हाला नवीन नाही. चला, पुन्हा ठेवा. आणि दौलत, डबा उघड. ह्या वेळी लाडू नानांच्या तोंडात घाल."